मुंबईच्या भिंतीवरचे कोळी: फोटो, फायदे आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कांदिवलीत राहते, बँकेत नोकरी करते आणि 2020 च्या टाळेबंदीपासून कोळ्यांचे फोटो काढते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, एकदाच काय ते लिहून ठेव आणि लिंक पाठवत जा. ही ती लिंक. आधीच सांगते, कोळीवाड्यातल्या कोळ्यांशी या पानाचा संबंध फक्त जाळ्यापुरता.

एवढे पक्षी, फुलपाखरं असताना कोळीच का?

आळस, दुसरं काय. पक्ष्यांसाठी पहाटे उठून भांडुपला नाहीतर शिवडीला जायचं, आणि टाळेबंदीत तर दाराबाहेर पडायचीच सोय नव्हती. एप्रिलमधल्या एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ग्रिलच्या पट्टीवर तांदळाच्या दोन दाण्यांएवढा एक करडा कोळी बसला होता. मी चिमटा पुढे नेला तसं त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. कोळ्याला मान नसते, त्यामुळे डोळ्यांसकट पुढचं अख्खं अंगच वळवलं. चिमटा डावीकडे नेला, तो डावीकडे. उजवीकडे नेला, तो उजवीकडे. मग माझ्यातला रस संपल्यासारखी त्याने पाठ फिरवली.

वीतभर अंतरावर एक माशी बसली होती. मांजर दबा धरतं तसा तो सरकत सरकत पुढे गेला, पोटाचं टोक ग्रिलला टेकवून धागा चिकटवला आणि उडी मारली. माशी त्याच्याहून मोठी होती. दोघं ग्रिलवरून सुटले आणि त्या धाग्याला लोंबकळत राहिले. थोड्या वेळाने माशीची फडफड थांबली आणि हा पठ्ठ्या तिला तोंडात धरून धाग्यावरून वर चढून आला. मी मोबाईलवर काढलेला फोटो पार हललेला आहे. अजून ठेवलाय.

कोळी म्हणजे किडाच ना?

नाही. कीटकांना सहा पाय, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग, याचे दोन. पंख नाहीत, मिशाही नाहीत. विंचू आणि गोचीड हे त्याचे चुलत भाऊ. जगभरात कोळ्यांच्या 50,000 हून जास्त जातींची नोंद झालेली आहे.

आमच्या घरात कुठले कोळी असतील?

मुंबईतल्या बहुतेक घरांत निदान तीन तरी भाडेकरू सापडतात.

पहिला छताच्या कोपऱ्यातला, काडीसारख्या लांबलचक पायांचा, उलटा लटकणारा. त्याचं जाळं विस्कटलेलं असतं आणि त्याच्याकडे बघून कुणालाच कौतुक वाटत नाही. केरसुणी जवळ नेली की तो जाळ्यासकट इतका जोरात थरथरतो की नजरेला धूसर दिसतो. हीच त्याची संरक्षणाची युक्ती.

दुसरा भिंतीवरचा जंपिंग, म्हणजे उडी मारणारा कोळी. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. दिवसाउजेडी भिंतीवर गस्त घालतो आणि दिसेल त्याच्यावर झडप घालतो. ग्रिलवर मला भेटलेला तो हाच.

तिसरा हंट्समन. ओळखीतल्या लोकांचे रात्री अकरानंतर किंचाळीसह जे फोन येतात ते याच्यामुळे. पाय पसरले तर तळहाताएवढा दिसतो, खेकड्यासारखा तिरका पळतो, अंगाने चपटा. चपटा असल्यामुळे कुठेही मावतो. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे एक मादी बरेच दिवस राहिली होती. महिना बदलायला सासूबाईंनी पान उलटलं आणि पानासकट हात तिथेच थांबला. मादीच्या पोटाखाली नाण्यासारखी गोल, चपटी, पांढरी पिशवी होती. त्यात अंडी असतात, शे-दोनशे सहज, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती पिशवी घेऊनच हिंडते. मी पुढे काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बाळंतीण आहे, राहू दे." त्या महिन्याची एकादशी आम्ही मोबाईलवर पाहिली.

आणि हो, हंट्समन झुरळं खातो. पुढच्या फोनच्या वेळी एवढं लक्षात ठेवा.

घराबाहेर काय काय दिसतं?

इथे मी घड्याळ बघणं सोडून देते.

पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर झुडपांमधून सिग्नेचर स्पायडर दिसतो. गोल जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसतो, पाय जोडीजोडीने ताणलेले, की इंग्रजी एक्स तयार होतो. त्या पायांच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी असते, कुणी घाईत सही केल्यासारखी. ही सही कशासाठी यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी म्हणतं कीटकांना भुलवायला, कुणी म्हणतं पक्ष्यांनी जाळ्यात घुसू नये म्हणून.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायंट वुड स्पायडर भेटतो. मादी बोटाच्या दोन पेरांएवढी, काळी-पिवळी, आणि पायवाटेवर दोन झाडांच्या मध्ये ताणलेलं भलंमोठं जाळं. ऊन पडलं की धागा चक्क सोनेरी दिसतो. आता तेच जाळं जवळून बघा. वरच्या बाजूला भाताच्या शितापेक्षाही लहान, तांबूस काहीतरी हलत असेल. तो तिचा नवरा, म्हणजे नवरा व्हायला आलेल्यांपैकी एक. कडेला पाऱ्याच्या थेंबासारखे चमकणारे टिकलीएवढे कोळी असतील. ते भलत्याच जातीचे, तिच्या जाळ्यात अडकलेलं बारीकसारीक चोरून खाणारे. एका जाळ्यात अख्खी चाळ नांदते.

झाडाच्या खोडावर हात फिरवायच्या आधी नीट बघा. दोन लांब शेपट्यांसारखे अवयव असलेला, सालीच्याच रंगाचा एक कोळी तिथे अंग चिकटवून बसलेला असतो. फुलांत क्रॅब स्पायडर, पांढऱ्या फुलात पांढरा. आणि आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरं करणाऱ्या लाल मुंग्यांची रांग असेल तर पाय मोजा. एखाद्या मुंगीला आठ पाय निघतील. हा मुंगीचं सोंग घेतलेला जंपिंग. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून तो मुंगीच्याच चालीने चालतो. मला पहिला सापडायला दोन वर्षं लागली. नंतर कळलं, तो आमच्या सोसायटीच्या आंब्यावरच होता.

विषारी असतात का?

जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असतं, पण ते माशीला मारण्यापुरतं. बहुतेकांचे दात आपल्या कातडीत घुसतही नाहीत. मुठीत दाबला, बुटात चिरडला तर मोठा कोळी चावू शकतो आणि ते दुखतं. साबणपाण्याने धुवा, बर्फ लावा. सूज पसरत गेली, ताप आला, श्वासाला त्रास झाला तर सरळ डॉक्टर. मी इतकी वर्षं नाक लावून फोटो काढतेय, मला अजून एकही चावलेला नाही. मुंग्या मात्र खूप चावल्यात.

पण अंगावरून कोळी फिरला की फोड उठतात. माझ्या आईला उठले होते!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि यावर भांडणंही झाली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर किंवा हातावर ओरखड्यासारखा लाल पट्टा, त्यावर बारीक फोड, आग आग. घरात निदान ठरलेलं असतं, रात्री कोळी फिरला. खरा गुन्हेगार बरेचदा एक बारीक लांबट भुंगेरा असतो, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, पहिल्या नजरेला मुंगीसारखा वाटणारा. पावसाळ्यात तो ट्यूबलाइटकडे येतो. तो चावत नाही, नांगीही मारत नाही. अंगावर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं दाहक द्रव्य कातडीला लागतं. फोड बारा तास, कधी दीड दिवसाने उठतात, तोवर भुंगेऱ्याची आठवणही नसते आणि भिंतीवर कोळी आयताच बसलेला असतो. असा भुंगेरा अंगावर दिसला तर चापट मारू नका, फुंकर मारा आणि ती जागा साबणाने धुवा.

दुसरी शक्यता नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड आणि ठणका असेल तर लेप लावत बसू नका. नागिणीचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. कोळ्याला शिव्या देण्यात ते तीन दिवस गेलेली माणसं माझ्या नात्यात आहेत.

घरात कोळी ठेवले तर डास कमी होतात का?

कमी होतात, संपत नाहीत. कोपऱ्यातला लांबपायी कोळी डास पकडतो, डेंग्यू पसरवणारे एडिस डासही त्यात आले. जंपिंगही पकडतो. पण कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊन वर कोळ्याकडून अपेक्षा ठेवायची हे काही बरोबर नाही. बशी ओतायचीच, पिंप झाकायचंच.

झुरळांसाठी सगळीकडे औषध फवारून घेण्याऐवजी जेल लावून घेता येतं. फवाऱ्यात कोळीही मरतात आणि मग तुमचा फुकटातला कामगार जातो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे बोलले तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, त्याचा मेंटेनन्स किती?"

घराबाहेर कोळ्यांचा काय उपयोग?

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातले कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यात मुख्यतः कीटक. एवढा मोठा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून मी भाताचं उदाहरण देते. रायगड-पालघरकडे कुणाचं शेत असेल त्यांना तुडतुडे माहीत असतात. भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतात आणि पीक जागोजागी करपल्यासारखं होतं. त्याच बुंध्याशी लांडगा कोळी, म्हणजे वुल्फ स्पायडर, हिंडत असतो आणि तुडतुडे खातो. सरसकट जहाल औषध मारलं तर कोळी जातात, तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आत सुरक्षित राहतात आणि पुढची पिढी मोकळ्या रानात वाढते. शेतीतल्या जाणकारांनी ही गोष्ट आशियातल्या भातशेतीत फार पूर्वीच नोंदवली आहे.

कोळ्यावर जगणारेही बरेच. खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी आठवा. ती घरं फोडली तर आत बेशुद्ध कोळी ठासून भरलेले सापडतात, तिच्या अळीचा डबा. शिंजीर आणि शिंपी हे पक्षी घरटं बांधायला कोळ्याचा धागा वापरतात. आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीशी शिंजिराची मादी एकदा अर्धी सकाळ नुसती जळमटं गोळा करत होती. कोपरे झाडायचे राहिले होते, त्याचा तेवढाच उपयोग झाला.

जाळं तुटलं तर तो बिचारा उपाशी राहतो का?

गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं रोज खाऊन टाकतात आणि त्याच प्रथिनांतून नवं विणतात. संस्कृतात त्याला ऊर्णनाभ म्हणतात, नाभीत लोकर असलेला. लोकर नाभीत नसते, पोटाच्या मागच्या टोकाला बारीक बोंडांतून धागा येतो, पण नाव ठेवणाऱ्याने निरीक्षण केलं होतं खरं. एकाच कोळ्याकडे वेगवेगळ्या कामांचे धागे असतात: मध्यातून निघणारे आरे कोरडे, त्यांवरचा वेढा चिकट, भक्ष्य गुंडाळायला वेगळा, अंड्यांना वेगळा. कोळी स्वतः जाळ्यावर चालताना बहुतेक कोरड्या धाग्यांवर पाय टाकतो.

तरी मुद्दाम तोडू नका. नवं जाळं विणायचं म्हणजे तेवढा वेळ उघड्यावर काम आणि त्या दिवसाच्या जेवणावर पाणी. एकदा राष्ट्रीय उद्यानात मी ट्रायपॉडचा पाय लांब करताना सिग्नेचर स्पायडरचं जाळं अर्धं उतरवलं. तेव्हापासून कोळ्यांसाठी ट्रायपॉड नेत नाही.

मोबाईलवर चांगला फोटो येतो का?

येतो. बऱ्याच नव्या फोनांत मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय असते. नसेल तर चिमट्यासारखी बसणारी मॅक्रो लेन्स काही शे रुपयांत मिळते. ती लावल्यावर कोळ्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं. म्हणून सुरुवात मोठ्या आणि शांत कोळ्यापासून करा. सिग्नेचर स्पायडर उत्तम, बसल्या जागेवरून तासन्‌तास हलत नाही. झूम करू नका, फोन पुढेमागे करा. हात भिंतीला नाहीतर दुसऱ्या हाताला टेकवा. दहा फोटो काढा, नऊ उडवा.

कॅमेरा घ्यायचा असेल तर?

आधी घरात काय पडलंय ते बघा. लग्नात घेतलेला जुना डीएसएलआर कपाटात असतोच. त्याची लेन्स उलटी लावायची रिंग मिळते. लेन्स उलटी लावली की ती भिंगासारखं काम करते. ऑटोफोकस जातो, आणि पुष्कळशा लेन्सवर छिद्र, म्हणजे प्रकाश आत येतो ते भोक, लहानमोठं करायची सोयही जाते, पण पैसे वाचतात. त्याच्या पुढची पायरी एक्स्टेंशन ट्यूब, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी. खरी मॅक्रो लेन्स 90 ते 105 मिलिमीटरच्या आसपासची घ्यावी, कारण तिला थोडं लांब राहून काम करता येतं. "वन इज टू वन" असं लिहिलेलं असेल तर पाच मिलिमीटरचा कोळी सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, पाच मिलिमीटरचाच पडतो. मॅक्रो म्हणायचं ते याला.

मी माझी सगळी सामग्री सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात फिरून घेतली. जुनी लेन्स घेताना ती उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, घेऊ नका.

सेटिंग काय ठेवतेस?

मॅन्युअल मोड, छिद्र एफ 11 च्या आसपास, शटर 1/200 सेकंद, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) 200 ते 400, आणि फ्लॅश. एवढ्या जवळून फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम मिलिमीटरभर असते. कोळ्याचे डोळे स्पष्ट तर पोट धूसर, असंच होणार. त्यामुळे डोळे पकडा, बाकीचं सोडा. फोकस एकदा ठरवून ठेवते आणि मग श्वास रोखून स्वतःच कणभर पुढेमागे झुलते, डोळे चमकले की बटण.

जंपिंगच्या डोळ्यांची एक गंमत. समोरचे दोन मोठे डोळे म्हणजे लांब नळ्या असतात आणि त्यांच्या तळाशी असलेला पडदा आतल्या आत हलतो. त्यामुळे एका फोटोत डोळा काळाभोर येतो, पुढच्याच फोटोत कडेला हिरवट-तपकिरी. कॅमेरा बिघडला असं समजून मी तो आधी दुकानात नेला होता.

फ्लॅशने फोटो पांढराफटक पडतो.

कोळ्याचं अंग गुळगुळीत, प्रकाश चमकून परत येतो. तो प्रकाश मऊ करायला डिफ्यूजर लागतो आणि तो विकत घेऊ नका. माझा पहिला डिफ्यूजर चिप्सच्या गोल डब्याचा होता: आतून चमकदार कागद, तोंडाला बटर पेपरचे दोन थर, वर रबरबँड. आता वापरते तो पांढऱ्या फोमच्या शीटचा आहे, रुखवताच्या सामानातून उरलेल्या. प्रकाश जितका मोठ्या पृष्ठभागावरून आणि कोळ्याच्या जितक्या जवळून येईल तितका मऊ. मागचा भाग काळा पडतो तो टाळायचा असेल तर कोळ्याच्या मागे हातभर अंतरात एखादं पान येईल असा कोन शोधा.

मुंबईत कुठे आणि कधी जाऊ?

आधी स्वतःची गॅलरी, जिना, पार्किंगच्या मागची झाडं. मग बाहेर.

गोरेगावची आरे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, ठाण्याच्या बाजूने येऊर. मध्य मुंबईत राहणाऱ्यांसाठी धारावी-माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, कचराभूमीवर उभं केलेलं जंगल. भायखळ्याच्या राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघतात तेव्हा मी झाडांची खोडं बघते. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. कॅमेऱ्याचे नियम आणि शुल्क तिकीटखिडकीवर विचारून घ्या. आरेमध्ये आणि उद्यानाच्या कडेला बिबटे आहेत. जमिनीवर पालथं पडून फोटो काढायची आपल्याला सवय असते, तर एकट्याने आणि अंधारात जाऊ नका.

जाळं विणणाऱ्यांसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर. जुलैमध्ये पिल्लं असतात, ऑक्टोबरपर्यंत ती मोठी होतात. घरातले कोळी बारा महिने.

रात्री फोटो काढता येतात का?

रात्रीच जास्त कोळी बाहेर असतात. कपाळाला हेडलाइट लावून गवतावर प्रकाश टाका, हिरवट ठिणग्या चमकतील. ते दव नसतं, लांडगा कोळ्यांचे डोळे. हेडलाइट डोळ्यांच्या रेषेत असेल तरच ते दिसतं. फक्त सोसायटीत रात्री दहानंतर झुडपात वाकलेली बाई दिसली की वॉचमन येतो, एवढी तयारी ठेवा. आमचा वॉचमन आता स्वतःच फोन करतो, "मॅडम, पंपरूममागे मोठावाला आलाय."

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळायचा?

हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून. कापडी बॅगेत ठेवू नका. मी एक लेन्स जून ते सप्टेंबर कपाटात विसरले आणि ऑक्टोबरमध्ये तिच्यात बाग फुललेली होती.

फोटोसाठी जाळ्यावर पाणी मारलं तर चालेल का?

नको. पीठ, पावडर तर नकोच नको. कोळ्याला फ्रिजमध्ये गार करून फोटो काढणारे लोक आहेत, त्यांच्याकडून काही शिकू नका. गुंडाळलेलं पान उघडू नका, आत बहुधा अंडी असतात. टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, दिसला तर फोटो टाका, ठिकाण टाकू नका. पाळायला म्हणून ते विकणारे असतात.

ओळख कशी पटवायची?

एका फोटोवर भागत नाही. वरून, समोरून आणि बाजूने असे तीन काढा. डोळ्यांची मांडणी सगळ्यात कामाची. समोर दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे डोळे असतील तर जंपिंग. खाली चार बारीक आणि वर दोन मोठे असतील तर लांडगा. तोंडाशी मुष्टियोद्ध्याचे हातमोजे घातल्यासारखे दोन फुगीर अवयव दिसले तर तो नर. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, जाणकार मदत करतात. पण बऱ्याच वेळा जातीपर्यंत पोचता येत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासावे लागतात. मग कुळापर्यंत नाव लिहून थांबायचं.

नवं काही सापडण्याची आशा मात्र सोडू नका. 2021 साली ठाण्यातून एक नवा जंपिंग शास्त्रात नोंदवला गेला. त्याचं नाव इसियस तुकारामी, गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून. त्याच शोधनिबंधातला दुसरा नवा जंपिंग आरेमधला होता. इतकी वर्षं आपण त्यांच्याशेजारून ट्रॅफिकमध्ये बसून जात होतो.

कोपऱ्यात मेलेला कोळी दिसला, मी मारला का?

बहुधा ती कात आहे. कोळी वाढताना कात टाकतो आणि ती पायांसकट हुबेहूब मागे राहते. फुंकर मारून उडाली तर बहुधा कातच.

मला फार भीती वाटते. काय करू?

फोटो मोठा करून बघू नका, त्याने वाढते. लांबून सुरुवात करा, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. मला वाटायची ती भीती त्याच्या अचानक पळण्याची होती. कॅमेऱ्यातून बघताना कळलं की पळायच्या आधी तो पाय जवळ घेतो. ते एकदा ओळखता आलं, मग दचकणं कमी झालं. माझी मुलगी अजूनही हंट्समन दिसला की पलंगावर चढते, पण तिथून मला सांगते, "आई, मादी आहे, पिशवी आहे."

त्याला बाहेर सोडायचं असेल तर वर पारदर्शक डबा, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवायची. पत्रिका जाड असते, वाकत नाही.

दिवाळीच्या सफाईचं काय? जळमटं ठेवायची का?

नाही, झाडा. धूळ बसलेलं जळमट कोळ्यानेही सोडून दिलेलं असतं. आधी केरसुणीच्या दांड्याने हलकेच टोचून बघा. थरथरला तर मालक घरी आहे, त्याला डब्यात घ्या, सफाई झाल्यावर परत सोडा. गोल पांढरी पिशवी दिसली तर तेवढा कोपरा भाऊबीजेपर्यंत राहू द्या. आमच्याकडे तो कोपरा देवघराच्या वर येतो. सासूबाई पाहुण्यांना आधीच सांगून टाकतात की तिथलं मुद्दाम ठेवलंय.